‘म्हणे’ हा शब्द गाळू नका: बेळगाव जिल्ह्यातील चौकशी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील सर्व शिस्त प्राधिकारी आणि खातेनिहाय चौकशीचे काम पाहणारे अधिकारी

महोदय,

सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागल्यापासून अधीक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत खातेनिहाय चौकशीच्या, म्हणजे कर्मचाऱ्यावरचे आरोप खात्याच्या आतच तपासणाऱ्या चौकशीच्या, टेबलाभोवतालच्या जवळजवळ सगळ्या खुर्च्यांवर मी बसून पाहिले आहे. सहकाऱ्यांची बाजू मांडणारा बचाव सहाय्यक म्हणून बसलो, खात्याच्या वतीने पुरावा मांडणारा सादरकर्ता अधिकारी म्हणून बसलो आणि एकदा, किरकोळ कारणासाठी का होईना, दोषारोपपत्र हातात घेऊनही बसलो. या पत्राचे मूळ त्यातल्या दुसऱ्या खुर्चीवर बसून मी केलेल्या एका चुकीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

एका तालुका पातळीवरच्या कचेरीतील कारकुनावर दाखला देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता. तक्रार करणाऱ्या घरातली म्हातारी आई खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतल्या गावातून दोन गाड्या बदलून साक्षीला आली होती. तिच्या ज्या मुलाने पैसे दिले असे तक्रारीत लिहिले होते, तो तोवर गोव्याला कामाला निघून गेला होता आणि त्याला बोलावण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. म्हातारीला कन्नड येत नव्हते. चौकशी अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारला, लेखनिकाने तो तिला मराठीत सांगितला आणि ती म्हणाली, “पोरानं पाचशे दिल्यात म्हणे.” लेखनिकाने कन्नडमध्ये जे उतरवले त्याचा अर्थ असा होता की, माझ्या मुलाने या कारकुनाला पाचशे रुपये दिले आहेत. तो मजकूर तिला कन्नडमध्येच वाचून दाखवण्यात आला, तिने मान डोलावली आणि अंगठा उठवला.

मला दोन्ही भाषा येतात. ‘म्हणे’ गळाला हे मला तिथल्या तिथे कळले होते. पण मी खात्याचा सादरकर्ता होतो, साक्ष खात्याच्या बाजूने पडत होती, आणि मी गप्प बसलो. पुढे अहवालात साक्षीदाराने पैसे दिल्याचे निःसंदिग्धपणे सांगितल्याचा निष्कर्ष आला आणि कारकुनाच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्याने पैसे घेतले असतीलही. त्या चौकशीतून मात्र ते सिद्ध झाले नव्हते, हे तिथे बसलेल्या मला ठाऊक होते.

यात कन्नड भाषेचा काही दोष नाही, हे आधी नोंदवतो, कारण आमच्या भागात असा विषय काढला की लोक लगेच सीमाप्रश्नाच्या खुंटीला तो टांगतात. आपल्या ‘म्हणे’साठी कन्नडमध्ये ‘अंते’ हा अगदी त्याच वजनाचा शब्द आहे. ‘कोट्टनंते’ असे लिहिले असते तर ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच कागदावर आली असती. तिथे ‘कोट्टिद्दाने’ लिहिले गेले. बोलणाऱ्याच्या शंकेला जागा देणारे शब्द दोन्ही भाषांत आहेत. कचेरीच्या भाषेला, मग ती कुठलीही असो, ती जागा ठेवण्याची सवय नाही. सीमेपलीकडे जत किंवा अक्कलकोट तालुक्यातला कन्नड बोलणारा साक्षीदार ‘अंते’ म्हणतो आणि त्याचा जबाब मराठीत लिहिताना तो शब्द उडतो, तेव्हा तोच अन्याय उलट्या दिशेने होतो, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनाही मी हेच लिहिले असते.

एका शब्दावरून एवढे लांबलचक पत्र कशाला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण चौकशीच्या खोलीत नसून त्या खोलीच्या पुढच्या प्रवासात आहे. शिक्षा झालेला कर्मचारी अपील करतो, मग बेळगावच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या पीठाकडे जातो, तिथून धारवाडच्या उच्च न्यायालयाच्या पीठाकडे जातो. वर कोणीतरी सगळे पुन्हा तपासून पाहील, असा त्याचा आणि पुष्कळदा चौकशी अधिकाऱ्याचाही समज असतो. प्रत्यक्षात न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. २०१४ साली गुणसेकरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा पुन्हा स्पष्ट केली: कार्यपद्धती पाळली गेली का, नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निःपक्षपणे ऐकून घेण्याच्या तत्त्वाचा, भंग झाला का, निष्कर्षाला मुळी काही पुरावाच नाही असे आहे का, एवढेच पाहायचे, पुरावा पुरेसा होता की नव्हता, या प्रश्नात शिरायचे नाही. त्याआधी १९७७ साली हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, विश्वासार्ह आणि विषयाशी संबंध असलेला ऐकीव पुरावाही चालतो, आणि तपासणी पथकाने विनातिकीट प्रवाशांना साक्षीला आणले नाही एवढ्यावरून चौकशी बाद होत नाही. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की आपल्या खांद्यावर केवढा भार आहे ते दिसते. ऐकीव पुरावा चालतो, पण तो ऐकीव आहे हे कागदावर दिसले तरच त्याची विश्वासार्हता कोणी तपासणार. आणि तो कागद एकदा लिहून झाला की धारवाडपर्यंत त्याच्या आत डोकावून कोणी पाहणार नाही. न्यायाची संधी म्हणून जे काही आहे ते त्या लेखनिकाच्या पेनाशीच आहे.

संविधानाच्या कलम ३११ चा दुसरा खंड आपण सगळेच पाठ म्हणतो: आरोप कळवून आणि आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येणार नाही, सेवेतून काढता येणार नाही, पदावनत करता येणार नाही. कर्नाटकात त्याला जोड आहे ती १९५७ च्या नागरी सेवा वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांची. मोठ्या शिक्षेसाठी नियम ११ ची पूर्ण पद्धत आहे. परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना कलम ३११ चे छत्र नाही, अंगणवाडी सेविकांनाही नाही. त्या नागरी पद धारण करत नाहीत असे कर्नाटकाच्याच अमीरबी प्रकरणात २००६ साली ठरले. पण नैसर्गिक न्याय कोणा एका कलमाच्या मेहेरबानीवर उभा नाही, आणि सेविकेला कामावरून कमी करतानाही तिचे ऐकून घ्यावेच लागते. वाजवी संधी म्हणजे काय, हे खेमचंद प्रकरणात १९५७ सालीच सांगून झाले आहे: आरोप काय आणि कशाच्या आधारे हे कळले पाहिजे, साक्षीदारांची उलटतपासणी करता आली पाहिजे, स्वतःची बाजू मांडता आली पाहिजे. यातली प्रत्येक गोष्ट ‘कळणे’ या क्रियापदावर अवलंबून आहे.

कर्नाटक सरकारची नोकरी करणाऱ्याला कन्नड आले पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. कन्नड ही राज्याची राजभाषा आहे आणि मी स्वतः नोकरीत आल्यावरच ती शिकलो. पण टपालाचे कन्नड वेगळे आणि दोषारोपपत्राचे कन्नड वेगळे. मराठी शाळेत जन्म घालवलेला शिक्षक, जंगलातला वॉचर, कचेरीतला शिपाई यांना बाजारातले, बसमधले, साहेबांच्या हुकमाचे कन्नड येते. ‘कर्तव्यनिष्ठेला बाधा आणणारे वर्तन’ या जातीचे वाक्य त्यांना मराठीतसुद्धा दोनदा वाचावे लागेल. शिवाय दोन्ही भाषांचे शब्द इतके जवळचे आहेत की जवळीकच घात करते. ‘अमानतु’ म्हणजे निलंबन हे कन्नडमध्ये कोणालाही कळेल; आपल्याकडे अमानत म्हणजे ठेव. त्याहून वाईट शब्द ‘अनुमान’. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. संशय आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जे अंतर आहे तेवढीच तर चौकशी असते, आणि ते अंतर एका शब्दात बुजते.

आणि कर्मचाऱ्याने कन्नड शिकले पाहिजे हे मान्य केले तरी साक्षीदाराचे काय? त्या म्हातारीने सरकारची नोकरी पत्करलेली नव्हती.

या मुद्द्यावर मला वारंवार आठवतो तो १९६२ सालचा हरिकिसन प्रकरणाचा निकाल. महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्ध माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याने हिंदी प्रत मागितली, आणि अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून दिली आहे असे सरकारचे म्हणणे होते. घटनापीठाने ते मानले नाही. ज्या भाषेत आणि लिपीत त्याला कळते त्यात लेखी दिल्याशिवाय कारणे कळवली असे होत नाही, असे सांगून त्याला मुक्त केले. ते प्रकरण स्वातंत्र्य हिरावण्याचे होते, नोकरीचे नव्हते, आणि तो निकाल खातेनिहाय चौकशीला जसाच्या तसा बांधील आहे असा दावा मी करणार नाही. पण तोंडी समजावले म्हणजे कळवले, ही आपली जी रोजची समजूत आहे, तिच्यातली पोकळी त्या निकालाने साठ वर्षांपूर्वी दाखवली आहे. फौजदारी खटल्यात तर आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली की ती त्याला कळेल अशा भाषेत उलगडून सांगण्याचे बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होते आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. पाकीटमाराला जे मिळते ते पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या शिपायाला मिळू नये, याचे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

इथे आपल्यातले काही अधिकारी मैसूर राज्याच्या मकापूर प्रकरणाचा दाखला देतील, आणि तो चुकीचा नाही. आधी घेतलेला जबाब साक्षीदाराला वाचून दाखवला, त्याने तो बरोबर असल्याचे सांगितले, कर्मचाऱ्याला त्याची प्रत दिली आणि उलटतपासणी करू दिली, तर पुन्हा पहिल्यापासून तोंडी साक्ष घेण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या फौजदाराच्या बाबतीत ठरवले होते. आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या साक्षी याच रीतीने उरकल्या जातात असे माझा अनुभव सांगतो. पण त्या रीतीचा सगळा भरवसा ‘वाचून दाखवला’ या दोन शब्दांवर आहे. जंगलपट्टीतल्या म्हातारीला कन्नडमध्ये जबाब वाचून दाखवणे म्हणजे तिच्यासमोर कागद फडफडवणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

कर्मचाऱ्याच्या उत्तराबद्दलही थोडे सांगतो. संविधानाचे कलम ३५० कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. दोषारोपपत्राचे उत्तर हे ‘निवेदन’ ठरते का, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. शिक्षेविरुद्धचे अपील हे गाऱ्हाणे आहे याबद्दल तरी वादाला जागा दिसत नाही. तरीही मराठीत लिहिलेले उत्तर ‘कन्नडमध्ये सादर करावे’ असा शेरा मारून परत केल्याची आणि त्यातच मुदत संपल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मग तो कर्मचारी कोणाकडून तरी कन्नडमध्ये उत्तर लिहून घेतो आणि न वाचता सही करतो. चौकशीत त्याला त्याच्याच उत्तरातल्या वाक्यावरून धरले जाते आणि तो गोंधळतो. त्या गोंधळाची नोंद ‘समाधानकारक खुलासा नाही’ अशी होते.

बचाव सहाय्यक हा त्यावरचा एक उपाय आहे, पण तो मागता येतो हेच खालच्या श्रेणीतल्या माणसाला ठाऊक नसते. हिमाचल प्रदेशातल्या भगतराम नावाच्या वनरक्षकाच्या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा अल्पशिक्षित कर्मचाऱ्याला मदतनीस घेण्याचा हक्क आहे हे चौकशी अधिकाऱ्यानेच सांगायला हवे होते. सांगण्याची ही जबाबदारी आपण पहिल्या तारखेला एका वाक्यात पार पाडू शकता. ते वाक्य मराठीत उच्चारले आणि तसे रोजनाम्यात नोंदले, तर त्याने राजभाषेचा काही अवमान होणार नाही.

चौकशी अधिकारी कोणाचा, हा प्रश्न जुना आहे. उत्तर प्रदेशातल्या एका हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात, जे मोहम्मद नूह या नावाने ओळखले जाते, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच मध्येच साक्षीदार म्हणून जबाब दिला आणि पुन्हा खुर्चीवर बसून निर्णयही दिला. त्यावर न्यायालयाने ओढलेले ताशेरे आजही वाचण्यासारखे आहेत. इतके उघड कोणी आता करत नाही. आता होते ते असे की चौकशी अधिकारी साक्षीदाराला विचारता विचारता त्याच्या तोंडात उत्तर घालतो, कारण सादरकर्ता अधिकारी गैरहजर असतो, किंवा हजर असून माझ्यासारखा गप्प असतो. सरोज कुमार सिन्हा प्रकरणात २०१० साली सांगितले गेले की चौकशी अधिकारी हा खात्याचा प्रतिनिधी नसून अर्धन्यायिक काम करणारा त्रयस्थ आहे, आणि कर्मचारी गैरहजर असला तरी पुराव्यावरून आरोप सिद्ध होतात का हे त्याने स्वतः पाहायचे आहे. त्याआधी २००८ साली रूपसिंग नेगी प्रकरणात हेही ठरले की नुसता कागद दाखल केला म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध होत नाही. तो कोणीतरी येऊन सिद्ध करावा लागतो. लेखनिकाने केलेला अनुवाद हाही एक कागदच आहे, आणि तो बरोबर आहे हे आपल्याकडे कोणीच कधी सिद्ध करत नाही.

निलंबन आणि दिरंगाई यांवर मी फार लिहीत नाही, कारण त्यांवर सगळेच लिहितात. निलंबनाच्या पहिल्या तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही, आणि चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवावी, हे दोन्ही २०१५ सालचे निकाल आपल्या टेबलावर असतीलच. निलंबनाच्या काळात मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याबद्दल मात्र आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या पॉल अँथनी या सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबित केल्यावर निर्वाह भत्ताच दिला गेला नाही. तो केरळात आपल्या गावी होता, चौकशीला येण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते, आणि चौकशी एकतर्फी उरकून त्याला काढून टाकण्यात आले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी मोडीत काढली. कणकुंबी किंवा लोंढ्याहून बेळगावला दर तारखेला येणाऱ्या निलंबित माणसाचा भत्ता थकतो तेव्हा त्याच्या गैरहजेरीवर एकतर्फीचा शेरा मारण्याआधी आपण कोषागाराकडे एकदा चौकशी करावी.

आता आपल्या बाजूची अडचण. पैसे खाणारे कर्मचारी आहेत, आणि त्यांचे पहिले बळी याच गावांतली मराठी बोलणारी माणसे आहेत. त्या म्हातारीच्या घरातूनही कोणाकडे तरी पाचशे रुपये गेले असतील. चौकशी लांबवण्यासाठी आजारपणाचे दाखले आणणारे, साक्षीदारांना दम देणारे, अनुवादाची मागणी केवळ तारीख पुढे ढकलण्यासाठी करणारे मी बचाव सहाय्यक असताना जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे काम मी सोडूनही दिले होते. ज्याची नोकरीच कन्नड टिपणे लिहिण्यात गेली त्याने दोषारोपपत्र कळले नाही म्हणणे हा निव्वळ बहाणा आहे, आणि तसे कारणासह नोंदवून तो फेटाळण्याचा अधिकार आपल्याला आहे. न्यायालयेही आता प्रत्येक त्रुटीवर चौकशी रद्द करत नाहीत. करुणाकर प्रकरणात १९९३ साली चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी देणे बंधनकारक ठरले, पण ती न दिल्याने कर्मचाऱ्याच्या बचावाला खरोखर बाध आला का हे पाहावे, असेही त्यातच सांगितले आहे. मी म्हणतो, हीच कसोटी भाषेलाही लावा. ज्याला बाध येत नाही त्याला अनुवाद देऊ नका. पण साक्षीदाराचे वाक्यच बदलले गेले असेल, तर बाध आला नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि बदलले हे दाखवायला मूळ वाक्य कुठे आहे? ते हवेत बोलले गेले आणि विरून गेले.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. तिला शासनाचा नवा आदेश लागत नाही, नियमात दुरुस्ती लागत नाही, पैसाही लागत नाही. साक्षीदार मराठीत बोलत असेल तर त्याचे उत्तर आधी देवनागरीत, तो बोलला तसेच, ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘असेल’ यांसकट लिहून घ्यावे. त्याखाली कन्नड अनुवाद लिहावा. मराठी मजकूर त्याला मराठीत वाचून दाखवून त्यावर त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि अनुवादाखाली अनुवाद करणाऱ्याची नावानिशी सही असावी, कारण सही करावी लागते म्हटले की लेखनिकाचा हात आपोआप सावध होतो. दोन्ही भाषा लिहिता येणारा लेखनिक नसेल तर जवळच्या मराठी शाळेतला एखादा शिक्षक अर्ध्या दिवसासाठी बोलावता येतो. निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला आपण त्यांना बोलावतोच. ज्यांच्या टेबलावर मोबाइल आहे त्यांनी दोन्ही बाजूंना सांगून साक्षीचे ध्वनिमुद्रण करून ते फाइलला जोडले तर आणखी बरे. वयस्कर साक्षीदार दूरच्या गावातला असेल तर त्याला बेळगावला ओढत आणण्याऐवजी चौकशीची एक तारीख खानापूर किंवा निपाणीतल्याच एखाद्या सरकारी खोलीत ठेवता आली तर तेही पाहावे, पण तो आग्रह मी धरत नाही.

सादरकर्ता अधिकाऱ्यांना मात्र वेगळे सांगायचे आहे, कारण ती खुर्ची माझी होती. आपण खात्याचे वकील नाही आहात. साक्ष आपल्या बाजूची पडत असताना नोंद चुकली हे दिसले, तर ती दुरुस्त करून घेण्याचे काम आधी आपले आहे, समोरच्या कर्मचाऱ्याचे नंतर. मी त्या दिवशी हात वर करून एवढेच म्हणायला हवे होते, “साहेब, बाई ‘म्हणे’ म्हणाल्या.” चौकशी अधिकाऱ्यांनी मुलाला गोव्याहून बोलावले असते, आणि त्याने काय सांगितले असते त्यावर त्या कारकुनाचे काय व्हायचे ते झाले असते.

कळावे,

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
बेळगाव